आजन्म व्हिसा

आमच्या आत्याच्या दिरांइतका, म्हणजे काकांइतका, कायद्याला भिणारा माणूस अख्ख्या भोर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. जन्म आंबवड्याचा. तरुणपणी इंग्लंडात गेले, तिथं पस्तीस वर्षं बस चालवली, तिथलाच पासपोर्ट घेतला आणि काकू वारल्यावर भावाच्या घरी परत आले. मूलबाळ नाही, तिकडचं घरही राहिलं नाही. म्हणजे आंबवडे सोडलं तर या माणसाला जगात दुसरी जागा नाही. इथं ते राहतात एका कार्डाच्या जोरावर. मूळ इथलं पण पासपोर्ट परक्या देशाचा, अशा माणसांना ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर आयुष्यभर राहता येतं. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे कार्ड काका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, करगोट्याच्या दोऱ्यानं गळ्यात बांधून बंडीच्या आत ठेवतात. आंघोळीच्या वेळी ते आत्याच्या हातात देतात आणि मोरीतून दर दोन मिनिटांनी विचारतात, "वैनी, हाय न्हवं?"

बोली त्यांची गावापेक्षा जुनी. गावातली पोरं आता शुद्ध बोलतात. काका ज्या वर्षी इंग्लंडात गेले त्या वर्षीचं आंबवडे अजून बोलतात. एसटीत म्हातारा बघून कंडक्टर अर्धं तिकीट फाडायला लागला की हे त्याचा हात धरतात, "पुरं दे. उद्या कुनी म्हनंल, पाहुन्यानं सरकारला लुबाडलं." पोलीस पाटील सहज चहाला आले तरी रामराम म्हणायच्या आधी कार्ड बाहेर. पारावर राजकारण निघालं की काका चपला शोधायला लागतात. आणि कहर म्हणजे तुळशीचा. कुंडीसाठी नर्सरीतून मातीची पिशवी घेऊ म्हटलं, तर दोन पावलं मागं सरले. "माती इकत घ्यायची न्हाई मला. नियम हाय." मी म्हणालो, "अहो काका, तो शेताचा नियम आहे." तर म्हणे, "लेका, श्यात म्हंजे तरी काय आसतंय?" शेवटी आत्यानं परड्यातली ओंजळभर माती दान म्हणून दिली, तेव्हा तुळस लागली. "आजन्म व्हिसा आहे ना तुमचा?" असं मी चिडवायचो. ते गंभीरपणे म्हणायचे, "आजन्म हाय. पर त्यांची मर्जी हाय तवर."

आता माझं सांगतो. भोरला माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, मत मात्र अजून आंबवड्यातच. काकांचं आधार मीच काढलं. मी पुढं केलेल्या कागदावर ते न वाचता सही करतात. इतर सगळे कागद चष्मा पुसून दोनदा वाचतात, फक्त माझे वाचत नाहीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी त्यांच्या गॅसच्या कागदांत मी मतदार नोंदणीचा फॉर्म सरकवला. आमच्याकडं घरातल्या माणसाचं नाव यादीत यायचं राहिलं तर कुणीतरी न विचारता घालून टाकतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मतदानाच्या दिवशी सगळ्यांची शाईची बोटं बघत काका शाळेबाहेर एकटे बसतात, ते बघवत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खरं होतं. पण माझा मेहुणा त्या वॉर्डात उभा होता, हे जास्त खरं होतं.

यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली आणि कुणीतरी ओरडलं, "काका, नाव आलं की तुमचं! पेढे काढा!" दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं काका माझ्या दुकानात. ऐन उन्हाळ्यात इंग्लंडातला लोकरी कोट, हातात बॅग.

"म्या नागरिक हाय असं खोटं लिवलंय कुनीतरी. खाली सही माजी हाय म्हनं. कार्ड काढून घेत्याल रं माजं. कुठं जाऊ म्या?"

मी म्हणालो, "बघतो." दोन दिवस मी फक्त बघत होतो. तिकडं काकांनी आपला प्रेशर कुकर आत्याला दिला, ट्रान्झिस्टर शेजाऱ्याला दिला, आणि तुळशीला पाणी कुणी घालायचं ते ठरवून टाकलं. गल्लीत मोटारसायकल थांबली की ते कोट चढवायचे. हे आत्यानं फोनवर हसत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आंबवड्याच्या झुलत्या पुलावर गाठून मी त्यांना सांगितलं. सगळं, मेहुण्यासकट.

"तू व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं कुनी वैरी हाय." मग एकदम माझं मनगट धरलं. "तुला तर न्हाई ना धरायचे?"

तहसील कचेरीत नाव कमी करायचा अर्ज दिला. कारकुनानं विचारलं, "हा फॉर्म भरला कुणी?" मी तोंड उघडलं, पण काका आधी बोलले. "म्याच, सायेब. म्हातारपन, चुकून झालं." आयुष्यात सिग्नल न मोडलेला माणूस सरकारी टेबलापुढं खोटं बोलला. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. नाव कमी झालं. पुढं काही होईल का, असं विचारल्यावर कारकून म्हणाला, "सांगता येत नाही." ते वाक्य काका अजून वागवतात. पोस्टमन दिसला की हात बंडीकडं जातो. माझाही जातो, माझ्या गळ्यात काही नसताना.

मतदानाच्या दिवशी काका नेहमीसारखे शाळेच्या फाटकाबाहेर, मतदान केंद्राभोवतीच्या चुन्याच्या रेषेपासून चांगले लांब बसले होते. मी मत देऊन बाहेर आलो आणि हात खिशात घातला. त्यांनी तो ओढून काढला, बोट उन्हाकडं धरलं आणि शाई नीट निरखली.

"झ्याक बसलीया," म्हणाले. मग माझं बोट सोडायचं विसरून तसेच बसून राहिले.