माझा विरोध नोंदवा

सभागृहात ठराव होतात ते मुंबईला जातात. किस्से इथंच उरतात, म्हणून साठतात. मी सभा लिपिक. नगरसेवक बोलणार, मी लिहिणार, आणि लिपिकानं सभेत तोंड उघडायचं नाही ही आमच्या नगरपरिषदेची जुनी रीत. त्यामुळे पोटात फार साठलंय. आज तुम्ही चहाला बसलाच आहात, तर ऐका.

सरकार नवा कायदा करायला निघालं की कधी कधी मसुदा आमच्याकडे अभिप्रायाला येतो. खरे किस्से तेव्हा घडतात.

*

आधी बापू सांगते. बापू आमचे सगळ्यात जुने नगरसेवक. भातशेतीवाले, बोलणं पक्कं गावचं. पण एक वाक्य मात्र अगदी शुद्ध: "माझा विरोध नोंदवा." विषय कुठलाही असो. एकदा त्यांच्याच सत्काराचा ठराव आला. बापू उठले, विरोध नोंदवला, बसले, आणि मग शाल घ्यायला पुढे गेले.

मी नवीन होते तेव्हा धीर करून विचारलं, "बापू, असं का हो?"

"सगळी हो म्हनली का इषय झोपतो गं. कोनीतरी जागं ऱ्हायला नको?"

*

भटक्या कुत्र्यांच्या कायद्याचा मसुदा आला, तेव्हा ऑफिसचा मोत्या नेहमीसारखा नगराध्यक्षांच्या खुर्चीखाली झोपला होता. नगराध्यक्षा म्हणजे आमच्या अक्का. त्या वाचायला लागणार, तेवढ्यात बापू उठले. "ज्याचा इषयात हितसंबंध हाय, त्यानं सभागृह सोडावं, असा नियम हाय."

शिपायानं बिस्कीट दाखवून मोत्याला बाहेर नेलं. चर्चा झाली, अभिप्राय ठरला, आणि मग अक्कांनी त्याला सन्मानानं आत बोलावलं.

*

विनापरवाना बॅनर लावणाऱ्यांवर कडक कारवाईचं विधेयक आलं. बापू सोडून सगळ्यांनी जोरदार पाठिंबा दिला. एवढा चांगला अभिप्राय दिला म्हणून कोणाच्या तरी उत्साही कार्यकर्त्यांनी चौकात अभिनंदनाचा भलामोठा बॅनर लावला. परवाना कोणी काढला होता? कोणीच नाही. वर सगळ्यांचे फोटो, बापूंचाही. बापू खाली उभे राहून बराच वेळ वाचत होते.

"फोटू बरा हाय," म्हणाले, "पर माजा इरोध कुटं लिवलाय?"

*

मग आला आठवडे बाजाराचा मसुदा. रस्त्यावरचे आठवडे बाजार बंद, विक्री फक्त मंडईत नोंदलेल्या ओट्यावर. आमच्या मंडईतले ओटे कधीच भरलेत.

इथं जरा माझं सांगावं लागेल. बाजारात चिंचेखाली बसते ना, भेंडी-शिराळी घेऊन, ती माझी आई. कोंडाणे गावाकडून टमटमनं येते. त्या चिंचेखालच्या जागेनं मला शिकवलं, ह्या खुर्चीपर्यंत आणलं. त्या जागेचे उपकार मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि सभागृहातल्या ह्या माणसांचेही. सगळे तिच्याकडूनच भाजी नेतात, पण ऑफिसात कोणी कधी "भाजीवालीची पोर" म्हटलं नाही. ती मात्र मसुद्याचं ऐकल्यापासून एकच विचारायची, "मंग आमी कुटं बसायचं गं?"

मी काय सांगणार? मला ना मत, ना बोलायची मुभा.

त्यात आमदारांचा निरोप आला: कायद्याच्या विरोधात एकमताचा ठराव द्या, मी अधिवेशनात वाचून दाखवतो. एक जरी विरोधी मत असलं तरी समोरचे म्हणतील, यांचं घरातच पटत नाही.

एकमत! आणि सभागृहात बापू!

सभेच्या दिवशी मी देवाचं नाव घेऊनच पेन उघडलं. अक्का उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आठवडे बाजार बंद करणारं हे विधेयक मंजूर व्हावं, अशी शिफारस आपली नगरपरिषद करत आहे. सूचक मी स्वतः."

माझ्या हातातलं पेन थांबलं. अक्कांनी? आदल्याच बाजारात आईकडून शिराळी नेणाऱ्या अक्कांनी? डोळे भरून आले, समोरचा कागद दिसेना.

बापू उठले. सवयीनंच. "माझा विरोध नोंदवा."

"नोंदवा," अक्का म्हणाल्या. "आणखी कोणाचा?"

एक हात वर झाला. मग दुसरा. मग सगळेच. शेवटी अक्कांनी स्वतःचाही हात वर केला. "शिफारस फेटाळली. विधेयकाला या सभागृहाचा विरोध, सर्वानुमते. लिही गं."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, तरी तसंच ठेवलं.

बापू अजून उभेच होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या समोरच्या बाजूला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"ह्या एकमताला माझा विरोध..."

अक्कांनी डोक्याला हात लावला. मी रीतीप्रमाणे पेन कागदावर टेकवलं. बापूंनी त्या पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे गं, पोरी. ह्यो नको लिवू."

आणि खाली बसले.