एकटीला उचलता येईल अशी गाडी

खरं सांगा, स्वतःपेक्षा जड माणूस तुम्ही आयुष्यात कधी उचललाय? थट्टामस्करीत नव्हे. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, संडासातून परत खाटेवर, आणि तेही तो ओरडत असताना? नसेल उचलला, तर या बाईच्या मोटरसायकलवर मत द्यायची घाई करू नका. मत देणारे तिला आधीच पोत्याने मिळालेत.

इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात ती एकोणीस वर्षं काम करते. नर्स नव्हे. कागदावर ‘मदतनीस’, म्हणजे ज्याला दुसरं कुणी हात लावत नाही ते सगळं तिचं. उंची पाच फूट आणि वर एक बोट. वॉर्डात तिला सगळे कप्पी म्हणतात. विहिरीतलं ओझं वर आणते ती कप्पी. शंभर किलोचा गडी असो, पायांत त्राण नसो, ती त्याच्या पुढ्यात गुडघे मोडून बसते, पाठ ताठ ठेवते, त्याची छाती आपल्या खांद्यावर घेते, “तीन म्हटलं की हं, काका,” म्हणते आणि उभी राहते. गडीही उभा! नव्या पोरींना ती एवढंच शिकवते, “उचलायला जाऊ नकोस गं, कंबर मोडेल. तू फक्त उभी राहा. तो येतोच बरोबर.”

तर या इस्पितळाची एक बाहेरची फेरी होती. घरी पाठवलेले अकरा पेशंट, सगळे अंथरुणाला खिळलेले. आठवड्यातून दोनदा कुणीतरी जाऊन त्यांच्या पाठी बघायच्या, जखमा धुवायच्या, घरच्यांना कूस बदलायला शिकवायचं. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की कातडी मरते, मग मांस, मग हाड दिसायला लागतं. पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. वॉर्डात तिने त्याचा वास घेतलाय.

आधी व्हॅन जायची. ती बंद पडली ती पडलीच. मग दोघे स्कूटरवाले आले. एक महामार्गावरच्या ट्रकांच्या वाऱ्याला घाबरून परतला. दुसऱ्याची स्कूटर शेवटच्या खडीच्या रस्त्यात रुतली, आणि स्कूटरबरोबर त्याचा उत्साहही. शेवटच्या घरी नऊ दिवस कुणी पोहोचलं नाही. तिथल्या म्हाताऱ्या लाइनमनच्या पाठीला मूठ बसेल एवढी जखम झाली.

मोठ्या सिस्टर वॉर्डात येऊन म्हणाल्या, “तीन महिने मी इकडून तिकडून गाडी मागून फेरी ओढते. तोवर कुणी घेतली तर ठीक, नाहीतर बंद.”

“मी घेते,” कप्पी म्हणाली. तिच्या हातात लघवीचं भांडं होतं.

“तुला गाडी येते?”

“येईल.”

आली. मोठ्या मोटरसायकलची परीक्षा निराळी असते. पहिल्या खेपेला शंकूंमधला आठ काढताना तिने दोन शंकू लोळवले आणि नापास झाली. दुसऱ्या खेपेला एकही लोळला नाही. परीक्षक साहेबांना राहवेना. “बाई, एवढी मोठी गाडी हवीय कशाला तुम्हाला?”

“पास केलंत का?”

“केलं.”

“मग सही करा.”

परवाना हातात आला आणि गावभर तज्ज्ञ उगवले. जो तो गाडी सुचवायला लागला, आणि जो तो स्वतःकडे असलेलीच सुचवत होता. तिला काय हवं होतं ते मात्र कुणी विचारलं नाही. एका दिवसात साठ किलोमीटर महामार्ग, तोही ट्रकांच्या बरोबरीने. मग पंधरा किलोमीटर चढाची वळणं. मग सात किलोमीटर खडी, मध्ये एक ओढा. मागे दोन पिशव्या, त्यात औषधपाणी, पट्ट्या आणि घडीची हवेची गादी. आणि हे सगळं एकाच गाडीने. एक महामार्गाला, एक खडीला अशा दोन गाड्या ठेवायला ती काही संस्थानिक नव्हती.

सगळ्यात मोठा तज्ज्ञ तिच्या घरातच होता. तिचा थोरला भाऊ, छापखानेवाला. त्याच्याकडे तीस वर्षं मोटरसायकल आहे. सध्याची काळीभोर, बुटकी, लांबलचक, फक्त रविवारी बाहेर निघणारी. खिशात तिला पुसायचं फडकं.

“पाय टेकले पाहिजेत,” दादा म्हणाला. “दोन्ही पाय सपाट टेकले की बाईमाणूस सुरक्षित. माझ्यासारखी घे. डोळे मिटून घे.”

“डोळे उघडे ठेवून घेते. तुझी दे, शेवटच्या घरापर्यंत नेऊन बघते.”

“माझी? खडीत?” दादाचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याचा दात मागितलाय. “मग मी मागे बसणार.”

“बस की.”

महामार्गावर गाडी सोफ्यासारखी गेली. दादा मागून ओरडून शाबासकी देत होता. चढावर वळणांत गाडीचं पोट घासायला लागलं, तेव्हा शाबासकी थांबली. खडीत शिरल्यावर दोन किलोमीटरसुद्धा झाले नसतील, एका दगडावर गाडीचं पोट टेकलं आणि ती तिथेच अडकून कलंडायला लागली. दादा तीस वर्षांचा मुरलेला, टुणकन उडी मारून बाजूला. आणि कप्पीने काय केलं? गाडीला मिठी मारली.

हसू नका. वॉर्डात एकोणीस वर्षं एकच गोष्ट तिच्या हाडात मुरलीय, तोल गेलेला पेशंट सोडायचा नाही. स्वतः खाली जा, पण त्याच्या डोक्याखाली तुझा हात पाहिजे. तिने हँडल छातीशी कवटाळलं आणि तीनशे किलोंसह खाली गेली. मांडी वीतभर काळीनिळी.

“अगं सोडायची ना!”

“सोडली असती तर पडली असती.”

“पडलीच की! वर तुला घेऊन पडली!”

दोघांनी मिळून, एकमेकांना नको ते बोलत, गाडी उभी केली. दादाने फडकं काढलं, ओरखडा पुसून बघितला, तो काही जाईना. मग त्याचा बांध फुटला. “मी होतो म्हणून उठली. उद्या कोण असेल? बघ चारी बाजूंना, हाक ऐकायला कुत्रंही नाही. पडलेली गाडी तुला एकटीला उठवता येणार नाही. सोड हा नाद, बये.”

तिने गाडी घराकडे वळवली.

घरी नवऱ्याने मांडीला मलम लावून दिलं. तो शाळेतला शिपाई. कुलपं, घंटा आणि बायकोचा राग तिन्ही वेळेवर सांभाळणारा माणूस.

“दादा बरोबर बोलला हो,” ती म्हणाली.

नवऱ्याचा मलमाचा हात थांबला. असं वाक्य या घरात पूर्वी झालं नव्हतं.

“बाकी सगळं चूक बोलला. शेवटचं तेवढं बरोबर. मी गाडी निवडत होते पाय टेकतात का बघून. पाय टेकले तरी पडलीच ना? तिथे पडली तर उठवता आली पाहिजे. बाकी सगळं नंतर.”

“मग दुकानात जाऊन पाडून बघणार?”

“पाडून नाही. झोपवून.”

नवऱ्याने जरा विचार केला. “मग गादी नेऊ या. इस्पितळाने टाकून दिलेली आहे ना एक, माळ्यावर?”

तर शनिवारी भर दुपारी मोटरसायकलींच्या दुकानात एक हातगाडी आली, तिच्यावर डागाळलेली जाड गादी, मागे कप्पी, नवरा, आणि लाज वाटत असूनही न राहवून आलेला दादा.

“मॅडम, हे काय?” विक्रेता टायवाला, वयाने तिच्या अर्ध्यावर.

“गाडी झोपवायची आहे. ओरखडा येणार नाही. आला तर मी इथेच आहे.”

“आमच्याकडे अशी पद्धत नाही मॅडम. तुम्ही बसून बघा ना, फोटो काढू.”

“फोटोने गाडी उठते का?”

विक्रेत्याने दादाकडे पाहिलं, पुरुष म्हणून. दादाने छताकडे पाहिलं. “मॅडम, वजन बघा ना गाडीचं. लेडीजना...”

इथे तिचा आवाज चढला. “एकोणीस वर्षं लेडीजकडून शंभर-शंभर किलोचे बाप्ये उचलून घेताना कुणाला वजन आठवलं नाही! तुझ्या आजोबांची कूस कोण बदलत असेल रे? टायवाला? की लेडीज?”

दुकानाच्या मालकीणबाई आतल्या काचेच्या खोलीत बसल्या होत्या. त्या बाहेर आल्या, गादी बघितली, कप्पीला बघितलं आणि विक्रेत्याला म्हणाल्या, “झोपव.”

पहिली तिने मागितली ती सगळ्यात उंच, सगळ्यात मोठी, पत्र्याच्या पेट्या लावलेली. खरं सांगायचं तर तिचं मन त्याच गाडीवर होतं. परीक्षेच्या आधीपासून त्या गाडीचं एक चित्र कपाटाच्या आत चिकटवलेलं होतं, नवऱ्यालाही माहीत नसलेलं. पाठ सीटला लावून, एक हात हँडलला, एक मागच्या कडीला, गुडघे मोडून ती उभी राहायला गेली. गाडी वीतभर उठली आणि परत बसली. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या खेपेला कपाळाची शीर फुगली.

“मदत करू का मॅडम?”

“तिकडे खडीत येशील?”

“तसं नाही, पण...”

“मग बस.”

ती गादीच्या कडेला, त्या गाडीशेजारीच थोडा वेळ बसून राहिली. मग उठून म्हणाली, “ही नको.”

बुटकी गाडी एका दमात उठली. पण कप्पीने वाकून खाली हात घातला. पोट आणि फरशी यांच्यात तिची मूठ कशीबशी मावली. “ही दगडावर बसणार,” ती म्हणाली, आणि दादाचे कान लाल झाले.

तिसरी गाडी कुणी दाखवतच नव्हतं. आत, पाण्याच्या पिंपाशेजारी उभी. चिखलाच्या रंगाची, तारांच्या चाकांची, कंबरेत बारीक, पोटाखाली मांजर उभं राहील एवढी जागा. वजन मोठीपेक्षा बरंच कमी, इंजिन ट्रकाला ओलांडेल एवढं.

“हिचं काय?”

“ती?” विक्रेत्याने खांदे उडवले. “ती धड कशातच पहिली नाही मॅडम. महामार्गावर मोठीइतकी पळत नाही, खडीत हलक्या गाड्यांसारखी उड्या मारत नाही.”

“पण दोन्हीकडे जाते?”

“जाते.”

“मग मला कुठे शर्यत लावायचीय.”

गाडी उजव्या कुशीवर झोपवली. कप्पीने आधी साइड स्टँड बाहेर काढला, उठताना पलीकडे कलंडू नये म्हणून. हँडल पूर्ण वळवलं. पाठ टेकवली, खाली बसली, हात बसवले. आणि सवयीने तोंडातून निघालं, “तीन म्हटलं की हं, काका.”

विक्रेता हसला. मग हसायचा थांबला, कारण ती छोटी छोटी पावलं मागे टाकत उभी राहिली होती, आणि गाडीही.

मग डाव्या कुशीवर. मग पिशव्यांत विटा भरून. मालकीणबाईंनी विटा मागच्या अंगणातून स्वतः आणून दिल्या.

शेवटी ती सीटवर बसली. दोन्ही पायांचे फक्त चवडे लागत होते. दादाला तेवढा धागा मिळाला. “पाय टेकत नाहीत!”

तिने ढुंगण जरा डावीकडे सरकवलं, डावा पाय सपाट टेकला. “एक टेकला की पुरे. बगळा काय दोन्ही टेकून उभा असतो?”

दादा हसला. मनापासून हसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “घे बाई. तीस वर्षांत मी माझी एकट्याने कधी उचलली नाही.” हे कबूल करायला त्याला त्या ओरखड्यापेक्षा जास्त त्रास झाला असणार.

पैसे तिचे होते, त्यामुळे त्यावर बोलायचा कुणाला हक्क नव्हता. मुदतीला चार दिवस राहिले असताना तिने गाडी इस्पितळाच्या दारात लावली. मोठ्या सिस्टरांनी अकरा नावांची यादी तिच्या हातात दिली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. “शेवटच्या घरापर्यंत जाईल?”

“शेवटच्या घरासाठीच घेतलीय, सिस्टर.”

गाडी पडली नाही असं समजू नका. तिसऱ्या आठवड्यात पडली, ओढ्याच्या अलीकडे, सैल खडीत ती चुकीच्या जागी थांबली तेव्हा. या खेपेला कप्पीने हात सोडले आणि एक पाऊल मागे झाली. सोपं नव्हतं ते. पडणाऱ्याला पडू देणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. इंजिन बंद केलं, पिशव्या बघितल्या, एक घोट पाणी प्यायली, पाठ टेकवली आणि उभी राहिली.

“आज वीस मिनिटं उशीर,” शेवटच्या घरातला लाइनमन खाटेवरून गुरगुरला. कंबरेखाली जीव नसला तरी त्याची जीभ शाबूत आहे. “खांबावर चढून यायचं होतंस, लवकर पोचली असतीस.”

“गाडी झोपली होती, काका. उठवली.”

“एकटीने?”

“मग काय, तुम्हाला बोलावू?”

त्याच्या बायकोने अंगाखालची आडवी चादर पलीकडून धरली, कप्पीने अलीकडून, आणि नव्वद किलोचा लाइनमन डाव्या कुशीवरून उजव्यावर आला. पाठीची जखम आता बटणाएवढी उरलीय. कडा गुलाबी. बायको ती बघायला वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

“रडतेस काय,” लाइनमन उशीत तोंड घालून म्हणाला, “चहा टाक तिला.”

“चहा नको,” कप्पी म्हणाली. “परतीच्या वाटेत अजून दोन घरं आहेत.”

आता तुमच्याकडे एक मागणं. चिखलाच्या रंगाची गाडी, वर बुटकी बाई, मागे दोन फुगलेल्या पिशव्या, अशी कुणी तुमच्या रस्त्यावर दिसली तर तिला थांबवून गाडी केवढ्याची आणि नवरा कुठाय विचारू नका. पुढच्या घरात कुणीतरी एकाच कुशीवर तिची वाट बघतंय. बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या.