डिंडोलीच्या गच्चीवरची कापशी

केतनभाईंनी मला फसवलं. त्यांनी मला आणि माझ्या मुलीला दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यातली एक खोटी आहे. कोणती, ते अजून कळलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आलो. पडक्या विहिरी, पांढऱ्या साड्या... पांढऱ्या साड्यांचं म्हणाल तर माझ्या मार्केटात त्या गठ्ठ्यांनी पडलेल्या असतात, त्यातली एकही कधी उठून चाललेली मी पाहिली नाही. मी अमळनेरकडचा. मिसरूड फुटायच्या आधी सुरतेला आलो, साड्यांच्या घड्या घातल्या, पाठीवर पार्सलं वाहिली, आणि आज रिंग रोडच्या एका मार्केटमध्ये माझा स्वतःचा लेसपट्टीचा गाळा आहे. भाव करण्यात माझा हात धरणारा अजून भेटायचाय. आमच्या धंद्यात सॅम्पल एक दाखवतात आणि माल दुसराच पाठवतात, त्यामुळे आलेला प्रत्येक बॉक्स मी तळापर्यंत उलटून बघतो. डोळ्यांवर माझा भरवसा आहे. देवावर बायकोचा आहे, तेवढं घराला पुरतं.

राहायला आम्ही डिंडोलीत. रो-हाऊस आहे, वर गच्ची, आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडे थोडी शेतं अजून शिल्लक आहेत. घरात मी, बायको सुरेखा आणि मुलगी दिव्या. दिव्या सातवीत आहे, गुजराती माध्यमात. मराठी बोलते, अहिराणी बोलते, पण मराठी वाचत नाही. म्हणून तर हे इथे लिहायची हिंमत केली.

उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, सुरतेत खाली जमिनीवर कोणी नसतं. सगळी माणसं गच्चीवर, स्पीकर, उंधियुं, जिलेबी, आणि पतंग कापला की ‘काइपो छे’ची बोंबाबोंब. दिव्या पतंगाला पक्की आहे, अगदी बापावर गेलीय. त्या दुपारी तिने शेजारच्या गच्चीवरच्या पोरांचा पतंग कापला, आनंदाने ओरडली, आणि मांजा भराभर खेचायला लागली. त्या मांज्यात एक पांढरा पक्षी आला. मी कबूतर समजलो. तो फडफडत येऊन आमच्याच पाण्याच्या टाकीशी पडला.

कबूतर नव्हतं. अंग कापसासारखं पांढरं, खांदे काळे, चोच बाकदार, आणि डोळे... लालभडक. उजव्या पंखाखाली कापलं होतं. दिव्याने ओढणीत गुंडाळून त्याला मांडीवर घेतलं. “पप्पा, हिला मागचं बोट नाहीये,” ती म्हणाली. डाव्या पायाचं मागचं बोट खरंच नव्हतं. ती जखम जुनी होती, कधीचीच भरलेली.

तापीपलीकडे एक पक्षी बचाव केंद्र चालतं. नाव लिहीत नाही. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून तिथे नेलं. तिथले मुख्य म्हणजे हे केतनभाई. चष्मा, खिशात कात्री, बोलणं गोड. त्यांनी बघताच ओळखलं, “आ तो कपासी छे.” आमच्या खान्देशात हिलाच कापशी म्हणतात. शिकारी पक्षी आहे, उंदीर मारते, शेताच्या वर हवेत एका जागी थांबून राहते. त्यांनी जखमेभोवतीची पिसं काढली, निळ्या दोऱ्याने टाके घातले. पंखाची दोन मोठी पिसं मांज्याबरोबरच गेली होती, तिथे फट राहिली.

“वाचशील ना गं तू?” दिव्या तिलाच विचारत होती.

घरी आल्यावर दिव्याने फिरकी शेजारच्या पोरांना देऊन टाकली. बोलणं बंद, जेवण बंद. सुरेखा ताट घेऊन मागे मागे. “जेवी ले ना बेटा, एक घास.” पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी ओरडलो, समजावलं, मोबाइल घेऊन देतो म्हणालो. माझा सगळा भावताव तिच्यापुढे फुकट गेला. शेवटी तिनेच एक अट घातली. रोज केंद्रात फोन करायचा, कापशीने खाल्लं असेल तरच ही खाणार.

आणि एक दिवस फोनवरून उठून ती नाचायलाच लागली. “पप्पा! ती पळाली! केतनकाका खाणं द्यायला गेले, पिंजरा उघडला, आणि ती भुर्रकन!” त्या दुपारी दिव्याने तीन पोळ्या खाल्ल्या. सुरेखा ओट्याकडे तोंड करून डोळे पुसत होती. सगळ्या सोसायटीत बातमी झाली, दिव्याची कापशी केंद्रातून पळाली.

माझं डोकं मात्र दुसरीकडे चाललं. टाके घातलेला, पिसं गेलेला पक्षी उडेल कसा? असे पक्षी शौकाने पाळणारे लोक असतात. यांनी कोणाला तरी दिला आणि पोरीला गोष्ट सांगितली. त्याच संध्याकाळी गाळा उघडा टाकून मी थेट केंद्रात.

“केतनभाई, कोणाला विकली माझी कापशी?”

“काका, शांति राखो ने...”

“शांती गेली तापीत! टाक्यांचा पक्षी उडतो? मला येडा समजलात?”

त्यांनी माझा हात धरला आणि मागच्या खोलीत नेलं. टेबलावर कपड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. कपडा बाजूला केला... कापशी होती. मेलेली.

“सुबह गई,” ते हळू आवाजात म्हणाले. “बेटी रोज पूछती थी, उसने खाया? उसने खाया तो मैं खाऊँगी. बोलो काका, मैं क्या बोलता?”

“मग मला सांगायचं! बाप मी आहे!”

“आपको ही पहले फोन किया था. आपने बोला, धंधे के टाइम पे फोन मत करो. और काट दिया.”

तो फोन मी खरंच कापला होता. पण सवय जात नाही. मी तो पक्षी माल तपासावा तसा तपासला. पंख उघडून बघितला. निळे टाके होते, पिसं काढलेली जागा होती, दोन पिसांची फट होती. डाव्या पायाचं मागचं बोट नव्हतं. डोळे अर्धे उघडे, लाल रंग उतरून विटकरी झालेला. अंग गार आणि लाकडासारखं ताठ. तीच होती. यात दुसरा माल खपवायला जागाच नव्हती.

मागच्या भिंतीशी सीताफळाचं झाड आहे, त्याच्याखाली खड्डा मी खणला. केतनभाईंनी मीठ टाकलं, मी माती लोटली आणि कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून वर फरशीचा तुकडा ठेवला. आम्ही दोघंच होतो. निघताना मी त्यांना म्हणालो, “तुम्ही माझ्या मुलीशी खोटं बोललात.” ते म्हणाले, “हा काका, बोललो.” एवढं एक वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं.

सुरेखाला रात्री सांगितलं. तिने उरलेल्या पोळ्या फडक्यात गुंडाळल्या. मग म्हणाली, “पोरगी जेवतेय ना? मग तुम्ही तोंड उघडू नका.” मी उघडलं नाही.

पुढे काही दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो यायला लागले. मोबाइल टॉवरवर पांढरा पक्षी. कोणी लिहिलं बाज, कोणी गरुड. कोणी विचारलं, किसी का पालतू छूटा है क्या? एका काकींनी सगळ्यांना आपापले पोपट आत घ्यायला सांगितले. आणि कोणीतरी लिहिलं, अरे, ही तर दिव्याची, केंद्रातून पळालेली!

“पप्पा, ती उनी! परत आली!” दिव्या शाळेचे बूट न काढता गच्चीवर पळाली.

मी म्हटलं, असेल दुसरी. शेतं आहेत, उंदीर आहेत, कापशी काय जगात एकच आहे? उलट मला बरंच वाटलं. देवाने वेळेवर दुसरी पाठवली, पोरीचं समाधान झालं. भीती एवढीच होती की ती नीट बघेल आणि ही ती नव्हे म्हणून पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. म्हणून तिला लांबूनच बघू दे असं मला वाटायचं.

मग एका सकाळी मी गाळ्यावर निघायच्या घाईत गच्चीवर वाळत घातलेला रुमाल घ्यायला गेलो. लख्ख ऊन होतं. खाली दूधवाला सुरेखाशी पिशव्यांवरून वाद घालत होता. आणि कापशी आमच्या टाकीवर बसलेली. हात लांब केला असता तर लागली असती.

मी थांबलो. ती उडाली नाही. लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली. मग आळस द्यावा तसा तिने उजवा पंख सावकाश पसरला. दोन पिसांची फट होती. पंखाखाली पिसं नसलेली उघडी जागा होती, आणि त्या जागेवर निळा दोरा. माझी नजर आपोआप तिच्या पायांकडे गेली. टाकीच्या कडेवर उजव्या पायाची सगळी बोटं होती. डाव्याला मागचं नव्हतं.

मोबाइल काढला. व्हिडिओ घेतला. म्हटलं, आता व्हिडिओत काही दिसणार नाही, असंच असतं ना अशा अनुभवांत? पण सगळं दिसतं. पंख, दोरा, पाय, सगळं स्वच्छ. ती उठली, गच्चीच्या वर हवेत एका जागी थरथरत थांबली, आणि शेतांकडे निघून गेली. तिची सावली माझ्या शर्टावरून गेली. मी तिथेच व्हिडिओ पुन्हा लावला. सुरेखा वर आली, “का व्हयनं? रुमाल आणाले गयथात ना?” मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने दोन्ही हात जोडले आणि पुन्हा तेच म्हणाली, “पोरगी जेवतेय ना?”

मी केंद्रात गेलो. या वेळी ओरडलो नाही, हे माझ्या ओळखीचं कोणी मानणार नाही. केतनभाईंच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी व्हिडिओ बघितला, मोठा करून बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

“यह टाँका मेरा है,” ते म्हणाले. आपली शिवण माणूस ओळखतोच.

“या मोसमात दुसरी कापशी आली होती?”

“नहीं. एक ही आई थी.”

आम्ही मागे गेलो. फरशीचा तुकडा मी ठेवला तसाच होता, भोवती गवत उगवायला लागलेलं. मी म्हटलं, फावडं आणा, खणून बघू. ते जागचे हलले नाहीत.

“काका, नीकळशे तो शुं करशो?”

मी फरशीची कड बोटाने चाचपली.

“ने नहीं नीकळे तो?”

निघाली तरी पंचाईत, नाही निघाली तरी पंचाईत. मी खणल्याशिवाय परत आलो. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं. केंद्रात गेलो तर साहेब बाहेर गेलेत, असं सांगतात. सरळ माणूस आहे, घाबरलाय, हे मला कळतं. मीसुद्धा घाबरलोय. पण मी घाबरलो तरी गाळा उघडतो.

इथे लोक पुरावा मागतात. माझी अडचण उलटी आहे. कापशी जिवंत आहे याचे फोटो अख्ख्या सोसायटीकडे आहेत, हवे तेवढे घ्या. ती मेली होती याचा मात्र एकही फोटो नाही. साक्षीदार दोनच, मी आणि केतनभाई. ते उद्या म्हणाले की असं काही झालंच नाही, तर गार पडलेली ती कापशी फक्त माझ्या डोक्यात उरेल. ते म्हणाले की मी तुम्हाला दुसरा पक्षी दाखवला होता, तर मी त्यांचे पाय धरीन. खरंच सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला फसवलं असावं अशी माझी इच्छा आहे.

कारण दिव्या आता मागे लागलीय. परीक्षा संपली की केतनकाकांना पेढे द्यायचे, आणि कापशी कशी पळाली ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. पिंजऱ्याचं दार कोणत्या बाजूला होतं, आधी कुठे बसली, मागे वळून बघितलं का... प्रश्न तयार आहेत. किती दिवस टाळू? तिथे एक शब्द चुकीचा निघाला तर ती पोरगी पुन्हा भिंतीकडे वळेल, आणि या वेळी तिला वळवायला माझ्याकडे काही नाही.

केतनभाई, तुमच्या केंद्रात मराठी पोरं येतात, त्यातलं कोणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेल. मी मुलीला घेऊन येणार आहे. त्याआधी मला उत्तर पाहिजे. पिंजऱ्यातून उडाली असं तुम्हीच सांगितलंत, आणि कपड्यातून काढून मेलेलीही तुम्हीच दाखवलीत. मी तुमच्या हातात एकच पक्षी दिला होता. दोन कसे झाले?

फोन उचला आणि सांगा.