ढग पळवायचं औषध

क्रांती जयसिंगपूरची. शाळेत वेणी ओढणाऱ्या पोराचा तिनं दात पाडला होता, आणि एसटीत अंगचटीला आलेल्या एका बाप्याला चालत्या गाडीत चपलेनं बडवला होता. अशी बया एम.एस्सी. होऊन हवा गोळा करायच्या नोकरीला लागली, तेव्हा अख्खी गल्ली हसली.

हसणाऱ्यांना काय कळतंय! देशातून किती धूर आणि वायू वर जातो, याचा आकडा साहेब लोक कागदावर मांडतात. इतका कोळसा, इतकी जनावरं. तो आकडा खरा की नुसती फेकाफेकी, हे ताडायला एक छोटं विमान जिल्ह्यावर घिरट्या घालायचं. वारा जिल्ह्यात येतानाची हवा वेगळी भरायची, बाहेर पडतानाची वेगळी. मधला फरक म्हणजे आपण सोडलेला धूर. असे जिल्हे जोडत देशाचा अंदाज निघणार होता. विमानाखाली जमिनीवरची हवा काचेच्या बाटल्यांत भरायचं काम क्रांतीचं. कागलच्या बाजूला तेच काम दत्तप्रसाद करायचा.

त्या जुलैत पाऊस दडून बसला. ऊस करपू लागला आणि विमान रोज डोक्यावर. मग काय, विमान औषध मारून ढग पळवतंय, अशी आवई उठली.

शिरोळ रस्त्यावर पहिला दगड क्रांतीच्या जीपची काच फोडून आत आला. ड्रायव्हर अंबादासला लोकांनी कॉलर धरून बाहेर ओढला आणि उसाच्या कांड्यांनी सोलून काढला. क्रांती जॅकचा दांडा घेऊन उतरली. एकाचा खांदा निखळवला, दुसऱ्याच्या नाकातून रक्त काढलं. पण माणसं वाढतच होती.

"बाटलीत काय हाय सांग!" दूधसंस्थेचा बाळासो गरजला. त्याचा पाय अंबादासच्या गळ्यावर होता.

"हवा हाय ओ, नुसती हवा!"

"आमास्नी येडं समजतीस व्हय?" त्यानं पाय दाबला. अंबादासचे डोळे पांढरे झाले.

खरं सांगून माणूस मरत होता. क्रांती ओरडली, "व्हय! औषध हाय! ढग पळवायचं औषध हाय! सोडा त्याला!" आणि तिनं एकेक बाटली डांबरावर आपटली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मोबाईल वर धरले. अंबादास खोकत उठला. त्याला जिवंत बघून तिला रडू फुटलं.

चार दिवसांनी कागलजवळ लोकांनी दत्तप्रसादला गाठलं. तोही तेच म्हणाला, हवा हाय. जमावानं त्याच्या तोंडासमोर मोबाईलवरचा क्रांतीचा व्हिडिओ धरला. "तुमचीच बाई कबूल झालीया की!" त्यानंतर त्याचं कुणी ऐकलं नाही. दगडानं त्याचा डावा डोळा गेला.

दवाखान्यात क्रांती त्याच्या खाटेशी उभी राहिली. उरलेल्या डोळ्यानं तिच्याकडं बघत तो म्हणाला, "मी काय सांगाय पायजे हुतं, क्रांती?"

आयुष्यात पहिल्यांदा तिला मूठ वळायला समोर कुणी सापडेना.