मांडलेली ताटं

सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकमधले वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टपाशी भेटले की अमेरिकेतली एखादी जुनी, न उलगडलेली गोष्ट काढतात. "ऐक हं. जंगलातलं घर. ताटं वाढलेली, चूल गरम, आणि माणसं गायब!" लिफ्ट आली तरी पायाने दार अडवून सांगत राहतात. मला ऑफिसला उशीर होतो, तरी मी ऐकतो.

परवा गणपतीचे मोदक द्यायला त्यांच्याकडे गेलो. घरात ते एकटेच होते आणि टेबलावर चार ताटं मांडलेली होती.

"कोणी येणार आहे का, काका?"

"नाही रे, हाताची सवय." त्यांनी तीन ताटं उचलून आत ठेवली. "पोरं दोन्ही अमेरिकेत, तुझी काकू गेली. इथली माणसं कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर कोणी शोधायला येत नाही."