मावशीने सैतानाला काय सांगितलं

मुलाचा फोन आला तेव्हा मी नागपुरात भाचीच्या लग्नाच्या पंगतीत बसले होते. "मम्मी, आजी नहीं रहीं," एवढंच तो म्हणाला. आमची पोरं दुःखातही हिंदीच बोलतात, काय करणार! शेजारची बाई हळहळली, "देवानं सोडवलं बिचारीला." मी ताटावरून उठता उठता तिला सुनावलं, "बिचारी कोण? आमची शेवंता मावशी? आणि तिला सोडवायला देव कुठून आला?" या गोष्टीला आता महिना झाला, पण त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. मावशीला 'बिचारी' म्हटलेलं मी तिच्या मागंही खपवून घेणार नाही.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, तर गावाने आमची विहीर बंद केली. त्यातच आई गेली. मावशी मला बोटाला धरून भंडाऱ्याकडून थेट भिलाईला आली. कारखाना उभा राहत होता, हाताला काम मिळत होतं. ती एका ठेकेदाराकडे रेजा, म्हणजे मजूरबाई म्हणून लागली. डोक्यावर घमेलं घ्यायचं आणि परांचीवर चढायचं, दिवसभर. रात्री हातपाय ठणकायचे, पण गावाचं नाव काढलं की उसळायची, "इथं मरीन, पण तिथं ढोरं ओढाले नाही जाणार. तुलेही नाही जाऊ देणार!" तिचं सगळं जगणं त्या एका हट्टावर उभं होतं, आणि तो हट्ट त्या घमेल्यावर.

आमच्या लेबर कॅम्पच्या मैदानात कधीमधी सरकारी गाडी यायची. दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे... मच्छर कसा चावतो, पाणी उकळून प्या, देवीची लस टोचून घ्या. लोक मन लावून पाहायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी उकळायचे. एकदा त्याच पडद्यावर सैतान आला! डोक्याला शिंगं, नाकातून धूर. एका गरीब ढोलकीवाल्याला तो म्हणतो, तुला महाल देतो, रोज एक मजला आपोआप चढेल, पण नव्या मजल्यावर जो पहिला पाय ठेवेल तो माझा. ढोलकीवाला कबूल होतो. मग काय, महाल वाढतो आणि घरची माणसं एकेक करून गायब! कोणी हसलं नाही की टाळी वाजवली नाही. या गाडीने आजवर खोटं काही दाखवलंच नव्हतं ना! मच्छराची खबर दिली तशी सरकारने ही खबर दिली, असंच अख्ख्या कॅम्पाने धरलं. आमच्याकडे बांधत होते ती कारखान्याची धुराची चिमणीही तर रोज वर चढत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चिमणीच्या परांचीचा दोर तुटला आणि मंगलू नावाचा छत्तीसगढी गडी वरून पडून गेला. झालं! वर पाय ठेवायला कोणी तयार होईना. मग ठेकेदाराच्या जमादाराने, म्हणजे मुकादमाने, बकरा आणला, नारळ आणला, ताटभर कुंकू आणलं. सगळ्यांनी कपाळाला कुंकू लावायचं, हात जोडायचे, एकानेही टाळलं तर सैतान दुसरा माणूस घेईल म्हणाला. ठेकेदाराला ते बरंच होतं. नव्या दोरांपेक्षा बकरा स्वस्त.

ताट मावशीपुढं आलं. ती म्हणाली, "मी हात नाही जोडत."

"तो जा अपने गाँव!" जमादार खेकसला.

गाव म्हटल्याबरोबर मी तिचं लुगडं घट्ट धरलं. शेजारच्या झोपडीतली जनाबाई कळवळून म्हणाली, "जोड न वो शेवंता. काय जाते तुहं?"

"समदंच जाते," मावशी म्हणाली आणि जमादाराकडे वळली. "पिक्चरमधला सैतान तं पह्यले विचारते, कबूल करून घेते. मंगलूले कोणं विचारलं होतं? दोर सडला होता. तू पाह्यला, मी पाह्यला, या समद्यायनं पाह्यला. दोर बदल, मंग समद्यायच्या पह्यले मीच चढीन."

जमादाराने तिची हजेरी तिथल्या तिथं कापली. ती गेली नाही. परांचीच्या पायाशी घमेलं पालथं घालून त्यावर बसली, बकऱ्याच्या शेजारी. मला वाटलं, आता आमचं बोचकं बांधलं गेलं... तेवढ्यात मंगलूची बायको आली आणि मावशीजवळ बसली. मग जनाबाई कपाळाचं कुंकू पदराने पुसत बसली. मग बाकीच्या रेजा. दुपारी साहेबाची जीप आली, आरडाओरडा झाला, आणि दिवस कलायच्या आत नव्या दोरांची भेंडोळी आली. मावशी भरलं घमेलं घेऊन सगळ्यांच्या आधी चढली. खोटं कशाला सांगू, मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती खाली येऊन घाम पुसत होती. बकरा मात्र वाचला नाही. "शिजलाच हाये तं खाऊन घेऊ," म्हणत मावशीने दोनदा वाढून घेतलं. पुढं जमादाराने डूख धरून तिला काढलंच. तिने त्याला चार शिव्या हासडल्या आणि जामुलकडे दुसऱ्या ठेकेदाराचं काम धरलं. गावी आम्ही गेलो नाही, ते आजतागायत.

त्या दिवशी नागपूरहून घरी पोचले तर अंगणात तिरडी बांधणं चाललेलं. पोरांनी आमच्याच कपडे वाळवायच्या जुन्या दोरीचे तुकडे घेतले होते, कुठं कुठं धागे निघालेले. मी म्हटलं, "थांबा. नवा दोर आणा."

"बड़ी अम्मा, अब क्या फरक पड़ता है? यहीं तक तो जाना है," एक जण म्हणाला.

"तिले पडत होता. आण!"

भिलाई-३ च्या बाजारातून दोर येईपर्यंत मंडळी ताटकळली, काही कुरकुरली. कुरकुरोत बापडी. मी गाठ न् गाठ हाताने ओढून पाहिली आणि मगच म्हटलं, आता उचला. उरलेला दोर मी तिच्या खोलीच्या दारासमोर या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधलाय. सून म्हणते, तिरडीचा दोर घरात ठेवू नये, अशुभ असतो. मी त्यावर रोज माझं लुगडं वाळत घालते.