कुंकू लागलेली पॉलिसी

झेंडूचा कडवट, ओला वास आला की मला राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधला आमचा पहिला दसरा आठवतो. बायकोच्या बहिणीकडे पानिपतला दोन दिवस जायचं होतं. खाली गाडी हार घालून तयार होती आणि आई मात्र पाटावर पूजा मांडून हटूनच बसली होती. "तू कारकून माणूस, तुझं शस्त्र म्हणजे कागद. आण ती तुझी कागदपत्रांची फाइल." "आजी, चलो ना, लेट होतंय," लेक दारातून ओरडत होती. मी चरफडत फाइल आणली आणि आईपुढे जवळजवळ आपटलीच. तिनं गाडीच्या विम्याचा कागद वर काढला, कुंकवाचं बोट टेकवलं आणि थबकली. "अरे, हा तर आज संपतोय!" मी कागद ओढून घेऊन तारीख पाहिली. बदलीच्या गडबडीत मी विमा कंपनीला नवा पत्ता, नवा फोन नंबर कळवलाच नव्हता. त्यांची पत्रं नागपूरच्या बंद घरात पडत असणार. म्हणजे परवा परतताना सगळ्या घराला घेऊन मी विम्याशिवाय हायवेवर असतो. तिथंच पाटासमोर मांडी घालून मी फोनवरून विमा रिन्यू केला. नवी पॉलिसी फोनवर उघडली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. "आता खुशाल करा सीमोल्लंघन," आई म्हणाली. हल्ली पॉलिसी फोनमध्येच असते, म्हणून दसऱ्याला मी फोनच पाटावर ठेवतो, आणि कुंकू लावण्याआधी तारीख मोठ्यानं वाचतो.